नदीकाठच्या मोटरीवर नजर ठेवण्यासाठी बॅटरीवर चालणारा दूर पल्ल्याचा वायरलेस कॅमेरा: उभारणीची सविस्तर पद्धत

पंचगंगा, भोगावती, कासारी, दूधगंगा किंवा वारणा यांपैकी एखाद्या नदीवरून पाणी उचलणाऱ्या कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याचे घर बहुधा गावात असते आणि मोटर नदीच्या काठी. मध्ये उसाचे फड, एखादी पाणंद आणि ओढा असतो. मोटर चालू आहे का, केबल जागेवर आहे का, पावसाळ्यात पाणी किती चढले, हे पाहण्यासाठी काठावर जावे लागते आणि विजेची पाळी रात्रीची असेल तर रात्रीच जावे लागते. तिथे कॅमेरा बसवावा असे अनेकांना वाटते; पण वीज पाळीने येते आणि घरचे वाय-फाय तिथवर पोहोचत नाही, म्हणून बॅटरी आणि दूर पल्ल्याची वायरलेस जोडणी या दोन्ही गोष्टींचा विचार करणे भाग पडते.

बहुतेक जण आधी कॅमेरा विकत घेतात आणि मग तो चालवायचा कसा, या विचाराला लागतात. माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी सिग्नलची वाट, मग विजेचा हिशोब आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. पहिल्या दोन गोष्टी बरोबर जुळल्या तर साधा कॅमेराही वर्षानुवर्षे काम देतो. त्या चुकल्या तर महागातला कॅमेराही पहिल्याच पावसाळ्यात शोभेची वस्तू होतो.

सिमकार्डचा कॅमेरा की घरापासून ब्रिज

दूरवरचे चित्र घरी आणण्याचे व्यवहार्य मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे फोर-जी सिमकार्डवर चालणारा कॅमेरा. यात बॅटरी आणि छोटे सौर पॅनेल बहुधा जोडलेलेच मिळते, कॅमेरा एरवी झोपलेला असतो आणि हालचाल जाणवली किंवा आपण मोबाइलवर ॲप उघडले की जागा होतो. दुसरा म्हणजे घराच्या गच्चीवर एक आणि नदीकाठी एक असे दोन ५ गिगाहर्ट्‌झचे वायरलेस ब्रिज, म्हणजे दोन ठिकाणे हवेतून इंटरनेटने जोडणारी यंत्रे, समोरासमोर बसवून घरच्याच इंटरनेटवर कॅमेरा चालवणे. अधूनमधून डोकावणे एवढीच गरज असेल, तर पहिला मार्ग सोपा आणि पुरेसा आहे. सतत चित्रण हवे असेल, चोरीचा पूर्ण प्रसंग नोंदवायचा असेल किंवा त्या ठिकाणी मोबाइलला रेंज नसेल, तर ब्रिजला पर्याय नाही.

सिमकार्डचा मार्ग घेणार असाल, तर खरेदीपूर्वी ज्या कंपनीचे सिम घालायचे तिचाच मोबाइल घेऊन जागेवर जा आणि रात्री आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे टॉवरवर गर्दी असताना, अपलोडचा वेग मोजा. डाउनलोड कितीही चांगला असला तरी त्याचा इथे उपयोग नाही, कारण कॅमेरा चित्र पाठवतो, मागवत नाही. स्थिरपणे २ एमबीपीएस अपलोड मिळाला तर काम होते. कॅमेऱ्याच्या खोक्यावर तो कोणते फोर-जी बँड (लहरींचे पट्टे) पकडतो ते लिहिलेले असते. आपल्याकडे बँड ३, ५, ८ आणि ४० यांचा वापर मोठा आहे. परदेशी बाजारासाठी बनवलेल्या काही कॅमेऱ्यांत यांतले काही बँड नसतात आणि मग मोबाइलला रेंज असूनही कॅमेरा मुका राहतो. गावापासून दूर असलेल्या रानात ८५० मेगाहर्ट्‌झचा बँड ५ विशेष उपयोगी पडतो, कारण कमी वारंवारतेची लहर लांब जाते आणि झाडीतून तुलनेने कमी अडते.

डेटाचा हिशोबही आधीच करावा. १ एमबीपीएसचे चित्रण दिवसभर अखंड पाठवले तर सुमारे १०.८ जीबी डेटा लागतो, म्हणजे रोज दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर सतत पाहण्याचा विचारही करू नये. दहा मिनिटे थेट पाहिले तर मात्र साधारण ७५ एमबीच खर्च होतात.

'एक किलोमीटर पल्ला' असे लिहून ऑनलाइन विकले जाणारे वाय-फाय हेलो (कमी वारंवारतेवर लांब जाणारे वाय-फाय) जातीचे परदेशी संच घेताना सावध राहावे. त्यांतले बरेच ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झ या अमेरिकी पट्ट्यावर चालतात. भारतात त्या पट्ट्याचा मोठा भाग मोबाइल सेवेकडे आहे आणि परवान्याशिवाय वापरण्याची मुभा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झ एवढ्याच भागाला आहे. ५ गिगाहर्ट्‌झच्या ब्रिजबाबत ही अडचण नाही, कारण ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे भारत सरकारने २०१८ मध्ये परवान्यातून मुक्त केले.

उसाची उंची धरून सिग्नलची वाट

ब्रिजची दोन्ही टोके एकमेकांना दिसली पाहिजेत, हे सगळे सांगतात. कोल्हापूरकडे मात्र ती कोणत्या महिन्यात दिसली पाहिजेत, हे विचारणे जास्त महत्त्वाचे आहे. ऊस तुटून रान मोकळे झाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, बसवलेला ब्रिज उत्तम चालतो आणि खोडवा डोक्याच्या वर गेला की तोच ब्रिज अडखळू लागतो. दुकानदार म्हणतो पावसाने सिग्नल गेला. प्रत्यक्षात एवढ्या अंतरावर ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरींना पावसाच्या सरींचा फारसा त्रास होत नाही, त्रास होतो तो ओल्या पानांचा. म्हणून मोजमाप पूर्ण वाढलेला ऊस गृहीत धरूनच करायचे.

पान नुसते दृष्टिरेषेच्या खाली असून भागत नाही. लहर दोरीसारखी सरळ जात नाही. ती मध्यभागी फुगलेल्या लांबट आकाराची जागा व्यापते, तिला फ्रेनेल झोन म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्‌झवर एक किलोमीटर अंतराच्या मध्यावर या फुगीर भागाची त्रिज्या सुमारे ३.६ मीटर येते आणि त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे २.२ मीटर, मोकळा हवा. २.४ गिगाहर्ट्‌झवर हीच मोकळी जागा ३.४ मीटर लागते. ब्रिजसाठी ५ गिगाहर्ट्‌झ निवडण्याचे हे एक कारण आहे. पूर्ण वाढलेला ऊस ३.५ मीटर धरला, तर दोन्ही टोकांना समान उंची ठेवल्यास ती जमिनीपासून ५.७ मीटर, म्हणजे जवळजवळ १९ फूट भरते. बाजारात मिळणारा जीआय पाइप २० फुटी असतो, त्यातला तीन फूट काँक्रीटमध्ये गाडला की वर सतराच उरतो आणि हिशोब चुकतो.

यावर खर्चाचा उपाय म्हणजे पाइपला जोड देणे. त्याहून सोपा उपाय म्हणजे घराकडचे टोक उंच नेणे. दुमजली घराच्या गच्चीवर छोटा पाइप उभा करून तिथला ब्रिज ३० फुटांवर गेला, तर नदीकाठच्या १७ फुटी खांबापासून निघणारी रेषा घराकडे चढत जाते. मध्यावर तिची उंची ७ मीटरच्या पुढे असते आणि खांबाजवळ, जिथे रेषा खाली असते, तिथे फ्रेनेल झोन मुळातच अरुंद असल्याने उसाची अडचण होत नाही. हा हिशोब सपाट रानाचा आहे. गाव चढावर आणि काठ खोलगट असेल, तर मधल्या चढावरचा ऊस खांबाच्या मानाने तितकाच उंच धरावा लागतो. वाटेत नारळ, आंबा किंवा बांधावरची सुबाभूळ आली तर रेषा थोडी बाजूला घ्यावी. झाडातून सिग्नल पार होईल अशी आशा धरू नये.

ब्रिज निवडताना दोन्ही टोकांना १३ डीबीआयच्या (अँटेना लहर एका दिशेला किती एकवटते त्याचे माप) आसपास अँटेना असलेले, उघड्यावर बसवता येणारे यंत्र एक किलोमीटरला पुरते. दिशा नीट जुळली असेल तर या अंतरावर सिग्नल सुमारे उणे ६० ते उणे ६५ डीबीएम (सिग्नलच्या जोराचे माप; शून्याच्या जितके जवळ तितके चांगले) दिसावा. आकडा उणे ७५ च्या खाली गेला तर दिशा चुकली आहे किंवा मध्ये काही आडवे आहे असे समजावे.

विजेचा हिशोब

फोर-जीच्या झोपणाऱ्या कॅमेऱ्यात बहुधा १८६५० आकाराचे लिथियम सेल असतात. २६०० एमएएचचे चार सेल म्हणजे साधारण ३७ वॉट-तास. थेट पाहताना असा कॅमेरा अडीच वॉट घेतो असे धरले, तर अखंड पाहिल्यास पंधरा तासांत बॅटरी संपेल. दिवसातून दहा-पंधरा मिनिटे पाहिल्यास ती आठवडेच्या आठवडे टिकेल. खोक्यावरचा 'सहा महिने बॅटरी' हा दावा झोपेतला असतो. वाऱ्यावर हलणाऱ्या पात्यांमुळे कॅमेरा दिवसभर जागा होत राहिला, तर तीच बॅटरी आठवडाही काढणार नाही.

सतत चालणाऱ्या कॅमेऱ्याचा खर्च वेगळा आहे. कॅमेरा ५ वॉट आणि ब्रिज ४.५ वॉट धरला, तर दिवसाला सुमारे २३० वॉट-तास लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये सलग तीन दिवस सूर्य दिसला नाही तरी कॅमेरा चालावा असे वाटत असेल, तर ६९० वॉट-तासांचा साठा हवा आणि बॅटरी ८० टक्क्यांपर्यंतच उपसायची म्हटल्यावर गरज ८६० वॉट-तासांवर जाते. १२.८ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत हे ६७ अँपिअर-तास होतात. बाजारात मिळणारा त्याच्या वरचा आकार घ्यावा. जुनी ट्रॅक्टरची बॅटरी वापरण्याचा मोह होतो, पण ती इंजिन सुरू करण्यासाठी क्षणभर मोठा प्रवाह द्यायला बनवलेली असते. रोज निम्मी उपसली तर लवकर बसते.

पॅनेल पावसाळ्यावर मोजावे, उन्हाळ्यावर नाही. दिवसाला तीन तासांचे भरपूर ऊन आणि ३० टक्के गळती धरली तर ११० वॉट येतात; म्हणून १२० ते १५० वॉटचे पॅनेल घ्यावे. गगनबावडा, राधानगरी, आजरा या पावसाच्या पट्ट्यात मी दीडशेच्या खाली जाणार नाही. शिरोळकडे १२० चालून जाईल. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर असल्याने मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणून पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून १५ अंशांवरच ठेवावे, जास्त उभे करू नये. एवढा उतार पावसाने धूळ वाहून जायलाही पुरतो. गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्याची काजळी आणि पेटवलेल्या पाचटाची राख ज्या रानावर पडते तिथे मात्र ओल्या फडक्याने पॅनेल पुसल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण त्या दिवसांत पाऊस नसतो.

आता कॅमेरा

किती लांबचे दिसते, यापेक्षा दिसलेले किती ओळखू येते, हे पाहावे. ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी चित्रात त्या जागी एका मीटरला १२५ पिक्सेल पडावे लागतात, अनोळखी माणसाचा चेहरा पटण्यासाठी २५०. नुसते काहीतरी हलले एवढे कळायला २५ पुरतात. २ मेगापिक्सेलच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात चित्राची रुंदी १९२० पिक्सेल असते. ४ मिलिमीटर लेन्समधून १० मीटरवर साधारण साडेतेरा मीटर रुंदीचा देखावा दिसतो, म्हणजे मीटरला १४० च्या आसपास पिक्सेल. ओळखीची मर्यादा तिथेच संपत आली. १२ मिलिमीटर लेन्स घेतली तर हाच तपशील ३० मीटरवर मिळतो, पण बाजूचे काही दिसत नाही. मोटरीचे खोके आणि केबल पाहायची असेल, तर ४ मिलिमीटर. पाणंदीच्या तोंडाशी कोण येते ते पाहायचे असेल, तर १२. दोन्ही हवे असेल तर दोन कॅमेरे लावावेत आणि बॅटरीचा हिशोब पुन्हा करावा. फिरणारा कॅमेरा मला अशा जागी पटत नाही. त्याला फिरवणारी छोटी मोटर वीज खाते आणि प्रसंगाच्या वेळी तो नेमका भलतीकडे पाहत असतो.

पीआयआर सेन्सर शरीराची उष्णता आडवी सरकली की ओळखतो, समोरून सरळ चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. म्हणून येण्याची वाट कॅमेऱ्याला आडवी पडेल असा कोन ठेवावा. त्याचा भरवशाचा पल्ला ८ ते १० मीटर आहे आणि एप्रिल-मेच्या दुपारी आसपासची जमीन माणसाच्या अंगाइतकीच तापल्यावर तोही घटतो. रात्रीच्या इन्फ्रारेड दिव्यांत ८५० नॅनोमीटरचे दिवे लांब जातात पण मंद लाल ठिपका दाखवतात. ९४० चे दिसत नाहीत, पल्ला मात्र कमी.

एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या निकषांवर प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. ते असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी. बिलाशिवाय मिळणारा स्वस्त कॅमेरा आपल्या घरच्या नेटवर्कमध्ये आणून बसवण्यात शहाणपण नाही.

खांब, पेटी आणि वायरी

दोन इंची जीआय पाइप पुरतो, पण पॅनेलही त्यावरच असेल तर तीन इंची घ्यावा, कारण वाऱ्याचा खरा जोर पॅनेलवर येतो. पॅनेलची चौकट आणि ब्रिजचे क्लॅम्प कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत मापाने करून मिळतात; वेल्डिंगनंतर तिथल्या जागी झिंकचा रंग मारून घ्यावा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज धरतो. खड्डा तीन फूट खोल, काठाच्या कडेपासून बराच आत, कारण पुरात कड ढासळते. खांब हलत असेल तर तीन बाजूंनी ताण द्यावेत. खांब डुलला की अँटेनाची दिशा डुलते.

बॅटरीची पेटी पॅनेलच्या सावलीत बसवावी. मे महिन्यात उन्हातली पत्र्याची पेटी आतून भट्टीसारखी तापते आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणे तिच्या आयुष्याला मारक असते. वायरी पेटीत खालून, केबल ग्लँडमधून घ्याव्यात. वायर पेटीत शिरण्याआधी एक वीतभर खाली लोंबती ठेवून मग वर वळवावी. पाणी वायरीवरून ओघळत येते ते त्या वळणाच्या तळाशी थेंब होऊन गळते, आत जात नाही. ही वीतभर वायर वाचवल्याने किती कंट्रोलर (पॅनेलकडून होणारे बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारी यंत्रे) जळतात, ते दुरुस्तीवाल्याला विचारावे.

क्रम असा ठेवावा: आधी बॅटरी कंट्रोलरला जोडायची, मग पॅनेल, सर्वांत शेवटी कॅमेरा आणि ब्रिज, काढताना उलट. बॅटरीच्या धन टोकाला लगेच १५ अँपिअरचा फ्यूज हवा, कारण पॅनेलचा चार्जिंगचा प्रवाहही त्यातूनच जातो. कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेट असा निवडावा आणि व्होल्टेज १२ च्या आसपास उतरल्यावर जोडणी आपोआप तुटेल अशी मर्यादा घालावी. चार्ज होताना बॅटरी १४ व्होल्टच्या वर जाते आणि बरेच कॅमेरे १३.२ पर्यंतच सोसतात, म्हणून मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा छोटा कन्व्हर्टर लावावा. ब्रिजला किती व्होल्टचा पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच दिला जाणारा वीजपुरवठा) लागतो तेही पाहावे. काहींना १२ चालतो, काहींना २४ च लागतो.

दिवसा ठीक चालणारा कॅमेरा अंधार पडताच बंद-चालू होऊ लागला, तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी वायर तपासावी. इन्फ्रारेड दिवे लागले की प्रवाह वाढतो आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटरला पुरून उरते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर घेऊ नये.

मोकळ्या रानात हा खांब सर्वांत उंच असतो, त्यामुळे वळवाच्या विजांचा विचार करावाच लागतो. खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्यावे आणि गच्चीवरच्या ब्रिजपासून राउटरकडे येणाऱ्या केबलवर सर्ज प्रोटेक्टर लावावा. थेट कोसळणाऱ्या विजेपुढे काही टिकत नाही, पण जवळपास पडलेल्या विजेने राउटर, टीव्ही असे सगळे एकदम जाणे यामुळे टळू शकते.

जोडणी आणि सेटिंग

सगळी यंत्रे आधी घरात टेबलावर जोडून चालवून पाहावीत आणि मगच खांबावर चढवावीत. दोन्ही ब्रिजना आणि कॅमेऱ्याला वेगवेगळे स्थिर पत्ते द्यावेत, मूळ पासवर्ड बदलावेत, चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झ ठेवावी आणि चॅनेल १४९ ते १६५ यांतला निवडावा. त्याखालच्या काही चॅनेलवर रडारची चाहूल लागली की यंत्र नियमाप्रमाणे स्वतःहून थांबते. जागेवर गेल्यावर एकाने खांबावर, दुसऱ्याने गच्चीवर राहून, फोनवर बोलत, आधी आडवी आणि मग उभी दिशा सावकाश फिरवून सर्वांत चांगला आकडा मिळेल तिथे बोल्ट आवळावेत.

चित्रण एच.२६५ (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत), १ एमबीपीएस, सेकंदाला १२ फ्रेम एवढे ठेवावे. ६४ जीबीच्या मेमरी कार्डात अखंड चित्रणाचे साधारण पाच दिवस मावतात. कार्ड सतत लेखनासाठी बनवलेले घ्यावे. कॅमेऱ्याचे तोंड शक्यतो उत्तरेकडे असावे, पूर्व-पश्चिमेकडे ठेवल्यास सकाळ-संध्याकाळ चित्र पांढरे पडते. चौकटीत नदीघाट किंवा शेजाऱ्याचा गोठा येत असेल तर कोन बदलावा किंवा तो भाग सेटिंगमधून झाकावा. घाटावर बायका कपडे धुतात. तिथे कॅमेरा रोखणे गावातही चालत नाही आणि कायद्यातही अंगाशी येऊ शकते.

पावसाळा आणि पूर

रात्रीचे चित्र धुरकट दिसू लागले तर बहुधा काचेवर कोळ्याचे जाळे असते. इन्फ्रारेडच्या उजेडाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि दिव्यापासून बोटभर अंतरावरचा एक धागाही चित्रात पांढऱ्या पट्ट्यासारखा चमकतो. लांब काठीला मऊ ब्रश बांधून पंधरा दिवसांनी जाळी काढावी; वेगळा इन्फ्रारेड दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन फूट दूर लावल्यास हा त्रास बराच कमी होतो.

पाणी मोजण्यासाठी मोटरीच्या खोलीच्या भिंतीवर किंवा वेगळ्या खांबावर फुटाफुटाच्या जाड पांढऱ्या-काळ्या खुणा रंगवाव्यात आणि त्या चौकटीत ठेवाव्यात. पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याने पावसाळ्याच्या सुरुवातीला राजाराम बंधाऱ्याची जाहीर झालेली पातळी आणि त्याच वेळची आपली खूण काही वेळा शेजारी लिहून ठेवावी. बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. आपल्या काठावर मोटर काढायची वेळ किती फुटांना येते, ते या वहीवरून कळते आणि माणसे गोळा करायला अर्धा दिवस मिळतो.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. त्या पाण्याच्या खुणा भिंतींवर अजून सापडतात. त्या खुणेच्या वर बॅटरी ठेवता येत नसेल, तर पेटी दोन बोल्टांत उतरेल अशी बसवावी आणि मोटर काढायला जाल त्याच फेरीत आधी कॅमेरा-ब्रिज, मग पॅनेल, मग बॅटरी अशी जोडणी सोडवून बॅटरी व कंट्रोलर घरी आणावेत. पेटी पाण्याखाली गेलीच, तर ती बॅटरी वाळवून पुन्हा चार्जिंगला लावू नये; लिथियम बॅटरीच्या आतल्या सर्किटमध्ये गाळ राहिला तर आगीचा धोका असतो. ती जाणकाराला दाखवावी किंवा ई-कचऱ्यात द्यावी. ब्रिज आणि कॅमेरे खांबाच्या टोकाला असल्याने ते बहुधा वाचतात. पाणी ओसरल्यावर खांब ओळंब्यात आहे का ते पाहून, अर्थिंगची जोडणी घासून पुन्हा आवळून आणि अँटेनाची दिशा नव्याने जुळवूनच वीज जोडावी.